ओठ मिटलेले, दात सुटे

शिवणकाम करणाऱ्या बाईच्या तोंडात कायम काहीतरी असतं. टाचण्या, दोऱ्याचं टोक, हुकांचं पाकीट. कात्री मांडीवर असली तरी दोरा दातानेच तुटतो, कारण दोन्ही हात कापडात गुंतलेले. उमरीत मी घरीच ब्लाऊज, ड्रेस, फॉल-पिकोचं काम करते. लगीनसराईत सकाळी खाली घातलेली मान रात्रीच वर होते. डाव्या कानापुढे ठणकायला लागलं तेव्हा घरातल्या सगळ्यांनी एकच निदान केलं, कान. सासूबाईंनी लसूण घालून तेल कोमट केलं, कापसाचा बोळा झाला, शेजारच्या मावशींनी ‘हवा लागली’ म्हणून रुमाल बांधायला सांगितला. शेवटी कानाच्या डॉक्टरांनी आत बघितलं आणि म्हणाले, कान स्वच्छ आहे, जबडा दाखवा.

जबडा वाजायचा तर आधीपासूनच. जांभई दिली की कानाजवळ कट्. दुखत नव्हतं, तोंड नीट उघडत होतं. नुसता जबडा पुष्कळांचा वाजतो आणि त्याला औषधाची गरज नसते, हे नंतर कळलं. पण एका सकाळी ते वाजणं बंद झालं. बरं वाटलं! भाकरीचा घास घ्यायला गेले तर तोंड दोन बोटांपुरतंच उघडलं आणि उघडताना हनुवटी डावीकडे ओढली गेली. ज्यांचा जबडा वाजतो त्यांनी एवढं लक्षात ठेवावं. आवाज अचानक थांबला आणि सोबत तोंड कमी उघडायला लागलं, तर त्याच आठवड्यात दाखवा. अशी अडकण जितकी जुनी, तितकी सोडवायला अवघड.

मुदखेडवरून गाडीने नांदेड गाठलं. डॉक्टर मॅडमनी कानापुढे बोटं ठेवून तोंड उघडायला-मिटायला लावलं, पट्टीने माप घेतलं. मोठ्या माणसाचं तोंड साधारण 40 ते 50 मिलिमीटर उघडतं, म्हणजे आपलीच तीन बोटं उभी मावतात. मग त्यांनी मध्येच विचारलं, ‘आत्ता तुमचे दात कुठे आहेत?’ मला प्रश्नच कळला नाही. बघते तर वरचे-खालचे दात एकमेकांवर घट्ट दाबलेले. तोंडात घास नाही, बोलणं नाही, तरी दाबलेले. मशीनवर लांब शिवण मारताना, काज करताना, हिशेब चुकला तर, सोयाबीन पाण्यात गेलं त्या साली तर रात्रंदिवस, मी अशीच बसलेली असणार.

दात एकमेकांना लागायला हवेत ते जेवताना आणि गिळताना. सगळं मिळून दिवसाला जेमतेम पंधरा-वीस मिनिटं. बाकी वेळ ओठ मिटलेले आणि दात सुटे, मध्ये दोन-तीन मिलिमीटरची फट, ही जबड्याची विश्रांतीची जागा.

आत काय होतं तेही त्यांनी सांगितलं, आणि माझ्या धंद्यातलं असल्यासारखं मला ते पटकन समजलं. कानापुढे खालच्या जबड्याचं गोल टोक कवटीच्या खोबणीत बसतं. दोन्हीवर तंतुमय कूर्चेचा थर असतो आणि मध्ये एक पातळ चकती. तोंड उघडताना टोक आधी जागच्या जागी फिरतं, मग चकतीसकट पुढे सरकतं. ब्लाऊजचं अस्तर सरकून पुढे गोळा झालं की कापड अडकतं, तशी ही चकती कधी टोकाला सोडून एकटीच पुढे सरकते. उघडताना टोक उडी मारून तिच्यावर चढतं, तो कट् आवाज. चढताच आलं नाही की तोंड अडकतं.

चकतीच्या मधल्या, भार घेणाऱ्या भागात रक्तवाहिन्या नाहीत, कूर्चेतही नाहीत. त्यांचं पोषण सांध्यातल्या पातळ स्रावावर. हालचाल झाली की तो आत-बाहेर खेळतो. तासन्‌तास दाबून धरलं की तो फिरत नाही, वंगण कमी पडतं, घर्षण वाढतं आणि कूर्चा झिजू लागते. म्हणून चावणं हा सांध्याचा शत्रू नव्हे. कूर्चेला बेताचा, सुटसुटीत भार लागतोच. घात करतं ते न सुटणारं दाबणं. लोक एखाद्या कडक घासाला दोष देतात आणि दिवसभराच्या आवळलेल्या दातांकडे कुणी बघत नाही.

मी मशीनवर सुईच्या वर एक लाल टिकली लावली. टिकली दिसली की जबडा तपासायचा. ओठ मिटले, दात सुटे, जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांच्या मागे टाळूला हलकं टेकलेलं. सुरुवातीला प्रत्येक वेळी दात दाबलेलेच सापडायचे. चीड यायची. पण सगळ्या उपायांत उपयोगी पडला तो हाच, आणि त्याला पैसा लागत नाही. ज्यांचं काम मोबाईलवर किंवा स्टेअरिंगवर आहे त्यांनी टिकली तिथे लावावी.

दुखरे आठवडे सरेपर्यंत जेवण मऊ हवं. आपल्याकडे त्याची काही कमी नाही, ज्वारीच्या कण्या, खिचडी, वरणात कुस्करलेली भाकरी. भाजलेले चिंचोके, खारीक, फुटाणे, दाताने सोललेला ऊस बंद. बाटलीचं बूच दाताने काढणाऱ्या आमच्या घरातल्या पैलवानांनाही हेच सांगून झालंय, ऐकतील तर खरं. एका बाजूची दाढ पडलेली असेल तर ती जागा भरून घ्या, नाहीतर चावण्याचं सगळं काम एकाच बाजूवर पडतं. जांभई आली की जीभ टाळूला लावा, तोंड आपोआप कमी उघडतं. फोन कान-खांद्यात दाबून बोलू नका. दुखतं तिथे कोमट ओल्या फडक्याने दहा-पंधरा मिनिटं शेक घ्या, आणि गोळी डॉक्टरांनी सांगितली तितकेच दिवस.

सुपारीचं वेगळं सांगायला हवं. सतत चघळल्याने सांध्यावर भार येतोच, पण तोंड कमी उघडण्याचं दुसरं आणि जास्त भयंकर कारणही तीच आहे. गालाच्या आतलं अस्तर पांढरट, कडक होत जातं, तिखट लागलं की आग होते. तो सांध्याचा आजार नाही, त्यातून कॅन्सर होऊ शकतो. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, तरी टपरीवर पुडी मिळतेच. तोंडात जळजळ आणि तोंड उघडणं कमी, असं दोन्ही असेल तर जबड्याचे व्यायाम करत बसू नका, तपासून घ्या.

झोपेत दात खाण्यावर टिकलीचा उपाय चालत नाही. त्यासाठी दातांचं माप घेऊन बनवलेली पट्टी रात्री घालायची असते. बाजारात गरम पाण्यात मऊ करून बसवायच्या तयार पट्ट्या मिळतात. त्याने काहीजण उलट जास्त चावतात आणि दातांची बैठक बिघडू शकते, तेव्हा मापाचीच घ्या. खर्चाची अडचण असेल तर छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे, नांदेड-लातूरलाही दंत महाविद्यालयं आहेत. पहिल्याच भेटीत दात घासून जुळवायला किंवा थेट ऑपरेशनला कुणी सांगितलं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. बहुतेकांचं साध्या उपायांनी भागतं. माझं भागलं. चकती जागेवर गेली असेलच असं नाही, पण तिच्या मागची ऊतकं भार घ्यायला शिकतात आणि तोंड परत उघडायला लागतं, असं मॅडम म्हणाल्या. आज माझी तीन बोटं मावतात. त्यासाठी जबडा पूर्ण बांधून ठेवायचा नव्हता. रोज हळूहळू, दुखेल त्याच्या अलीकडेपर्यंत उघडायचा-मिटायचा होता.

गावात जबडा ‘बसवून देणारे’ असतात. अडकलेल्या जबड्याला त्यांचा झटका लागू देऊ नका. तोंड उघडं राहिलं आणि मिटतच नसेल तर ती सांधा निखळण्याची गोष्ट, तेव्हा थेट दवाखाना. लेकरू सायकलवरून हनुवटीवर पडलं आणि नंतर तोंड उघडायला कुरकुरतंय, तर जखम टाके घालून बुजली म्हणून थांबू नका. लहानपणी सांध्याला लागलेला मार जबड्याची वाढ खुंटवू शकतो. आणि छातीत दाटून, घाम येऊन जबडा दुखत असेल तर ते दाताच्या दवाखान्याचं काम नव्हेच, हृदय तपासायला न्या.

दाताचं लांबलचक काम काढायचं असेल, रूट कॅनाल किंवा अक्कलदाढ, तर खुर्चीत बसण्याआधीच सांगा की माझा जबडा अडकतो. डॉक्टर दाढांमध्ये रबराचा ठोकळा ठेवतात, त्याने स्नायूंना आधार मिळतो. मध्ये मध्ये तोंड मिटू द्यायला सांगा. तोंड उघडं असताना बोलता येत नाही, म्हणून डावा हात वर केला की थांबायचं, हे दोघांत आधी ठरवून घ्या.