तराजूतील खरे वजन



१९९५ साली फिजी देशातील नद्रोगा भागात दूरचित्रवाणी नुकतीच पोहोचली होती. तेथील समाजात भरलेले शरीर हे आरोग्याचे आणि आप्तांनी घेतलेल्या काळजीचे लक्षण मानले जाई. ॲन बेकर या अमेरिकन संशोधिकेने त्या वर्षी तेथील शाळकरी मुलींची पाहणी केली. वजन घटवण्यासाठी मुद्दाम उलटी करणारी एकही मुलगी तिला आढळली नाही. तीन वर्षांनी त्याच वयाच्या मुलींची पाहणी झाली, तेव्हा शंभरात अकरा मुली तसे करीत होत्या. पडद्यावरील स्त्रियांसारखे दिसावेसे वाटते, असे अनेक मुलींनी स्वतःच सांगितले.

आज तो पडदा आपल्या लेकींच्या हातात आहे. फ्रान्समध्ये २०१७ पासून जाहिरातीतील मॉडेलचे शरीर संगणकावर बारीक किंवा जाड केले असल्यास छायाचित्रावर तसे नमूद करणे कायद्याने बंधनकारक आहे. म्हणजे ज्या देहाशी आपली मुलगी स्वतःची तुलना करते, तो देह कित्येकदा त्या मॉडेलचाही नसतो.

परंतु सर्व दोष पडद्यावर ढकलून आपली सुटका होणार नाही. ‘जाडी’ हा शब्द मुलगी पुष्कळदा प्रथम घरातच ऐकते. मग स्थळे पाहताना नातेवाईक त्याचा पुनरुच्चार करतात. सूरह हुजुरातच्या ११ व्या आयतीत थट्टा करण्यास मनाई आहे आणि तेथे स्त्रियांचा वेगळा उल्लेख करून त्यांनाही बजावले आहे. हजरत आयेशा (रजि.) यांनी एकदा हजरत सफिया (रजि.) यांच्या ठेंगणेपणाकडे निर्देश केला. तेव्हा हा शब्द समुद्रात मिसळला तर समुद्रही बिघडेल, अशा आशयाची समज प्रेषितांनी (स.) त्यांना दिली. ही हदीस अबू दाऊदमध्ये आहे.

प्रेषितांचे (स.) स्वतःचे वर्तनही पाहा. एका प्रवासात हजरत आयेशा (रजि.) त्यांच्याशी धावण्याची शर्यत लावून जिंकल्या. पुढे त्यांचे अंग भरले, पुन्हा शर्यत झाली आणि त्या हरल्या. प्रेषित (स.) हसून एवढेच म्हणाले की, मागची फेड झाली. पत्नीच्या शरीराविषयी त्यांनी चकार शब्द काढला नाही.

याचा अर्थ प्रकृतीकडे दुर्लक्ष करावे, असा नव्हे. शरीर ही अल्लाहची अमानत आहे आणि शरीराचा आपल्यावर हक्क आहे, हे हदीसीने स्पष्ट केले आहे. खाण्यापिण्यातील अतिरेक कुरआनने निषिद्ध ठरवला आहे. मधुमेहामुळे वा रक्तदाबामुळे डॉक्टरांनी वजन कमी करण्यास सांगितले, तर ते पाळणे हे त्या अमानतीचे रक्षणच होय. मात्र २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. अशा घरांत मुलीने जाहिरात पाहून जेवण सोडणे, हा त्या हक्काचा भंग आहे. रोजाही अल्लाहसाठी असतो. बारीक होणे हाच त्याचा हेतू ठरला, तर नियतच बदलते.

म्हणून मातांनी मुलींसमोर स्वतःच्या देहाला नावे ठेवू नयेत. पित्यांनी व भावांनी जेवणाच्या दस्तरखानावर वजनाची थट्टा बंद करावी. सून पाहायला जाणाऱ्यांनी दीन आणि स्वभाव विचारावा. मुलगी जेवण टाळत असेल किंवा लपून उलटी करीत असेल, तर तिला रागे न भरता विनाविलंब डॉक्टरांकडे न्यावे.

हजरत अब्दुल्लाह इब्ने मसऊद (रजि.) यांच्या काटकुळ्या पिंढऱ्या पाहून एकदा सोबती हसले. कयामतच्या तराजूत त्या उहुद पर्वताहून जड भरतील, असे प्रेषितांनी (स.) सांगितले. त्या तराजूत आपल्या लेकींची सत्कर्मे तोलली जाणार आहेत, आणि आपल्या जिभेने त्यांना दिलेले घावही. अल्लाह आपल्या जिभांना संयम आणि आपल्या लेकींना आरोग्य देवो. आमीन.