शीत प्रदेशातील लाल वाइन : संधानकल्पनेच्या दृष्टीने

आसवारिष्टे सिद्ध करणाऱ्या औषधशाळांस वाइनचा विषय परका वाटण्याचे कारण नाही. फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतात पिनो नुआर या द्राक्षजातीपासून होणाऱ्या लाल वाइनमध्ये ना क्वाथ असतो, ना प्रक्षेपद्रव्ये. त्यामुळे संधानाचे गुणदोष तेथे निर्भेळ स्वरूपात पाहावयास मिळतात. अरिष्ट आंबट होऊन घाणीच्या घाणी फेकून द्याव्या लागणाऱ्या वैद्यबंधूंनी ते अवश्य पाहावेत, असे आम्हांस वाटते.

बर्गंडी सुमारे ४७ उत्तर अक्षांशावर आहे. पिनो नुआरची साल पातळ असते व अंकुर लवकर फुटतात, म्हणून एप्रिलमधील हिमाचे भय मोठे. एप्रिल २०२१ मध्ये बागाइतदारांनी वेलींच्या ओळींत रात्रभर मोठ्या मेणबत्त्या पेटविल्या, तरीही फार हानी झाली. थंडीत फळ सावकाश पिकते आणि त्यातील आम्लता टिकते. तोडणी बहुधा सप्टेंबरात होते. २००३ व २०२० या उष्ण वर्षांत ती ऑगस्टमध्येच झाली. आपल्या नाशिककडे हीच तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये, म्हणजे ऊन चढत असताना होते.

प्रतिलिटर सुमारे १७ ग्रॅम शर्करेपासून १ टक्का मद्यार्क उत्पन्न होतो. थंड वर्षी द्राक्षांत शर्करा कमी पडली, तर कायद्याच्या मर्यादेत साखर मिसळण्याची तेथे मुभा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शाप्ताल या रसायनशास्त्रज्ञाने या रीतीचा पुरस्कार केला होता. आपल्याकडे शार्ङ्गधराने अनुक्त मानासाठी एक द्रोण द्रवास एक तुला गूळ, त्याच्या निम्मा मध व दशमांश प्रक्षेप सांगितला आहे. येथे एक बाब विचारात घ्यावी. द्रोण १२.२८८ लिटर धरल्यास प्रत्येक लिटर द्रवास सुमारे ३९० ग्रॅम गूळ पडतो. द्रवद्वैगुण्य मानल्यास १९५. एवढा फरक असता दोन औषधशाळांचे अरिष्ट एकसारखे कसे निघावे? अतिगोड द्रवात किण्व मंदावते, हेही ध्यानी असावे. संधानापूर्वी हायड्रोमीटरने घनता मोजून नोंदवहीत लिहिणे आम्हांस त्यामुळेच अत्यावश्यक वाटते.

द्राक्षे चिरडल्यावर साली वर येऊन जाड थर होतो. रंग व कषाय द्रव्ये सालींतूनच उतरतात. हा थर रोज खाली दाबावा लागतो, कारण हवेला उघड्या पडलेल्या ओल्या थरावर शुक्तकारक जिवाणू त्वरित वाढतात. तापमान साधारण ३० अंशांच्या आसपास राखतात. ३५ च्या पुढे गेल्यास किण्व थकते व संधान अर्धवट राहते. चैत्र-वैशाखात पत्र्याच्या छपराखाली संधान लावणाऱ्यांनी हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा. धातकीपुष्पांचे प्रयोजनही याच प्रकाशात पाहण्यासारखे आहे: कषायत्व व किण्व, दोन्ही त्यांच्यासोबत येतात.

पुढे वाइन २२८ लिटरच्या ओक पिंपांत जाते. तेथे जिवाणू तीक्ष्ण मॅलिक आम्लाचे सौम्य लॅक्टिक आम्लात रूपांतर करतात. थंड तळघरात हे कार्य कधी वसंतापर्यंत चालते. लाकडातून द्रव उडून जातो, म्हणून पिंप वारंवार काठोकाठ भरतात. वाइनचे विकार सूक्ष्मजीवांमुळे होतात, हे पाश्चर यांनी १८६६ च्या ग्रंथात मांडले. बाटलीत भरण्यास बहुधा १२ ते १८ महिने लागतात.

आपली संधानपरीक्षा जळत्या काडीने होते. काडी विझली नाही, तर वायू निघणे थांबले एवढेच कळते. द्रव मद्य झाला की शुक्त, हे ती सांगत नाही. सलग दोन-तीन दिवस घनता स्थिर आहे ना, हे पाहून मगच गाळावे. गाळल्यावर गंध व आम्लता तपासावी, आणि पात्र वरपर्यंत भरून मुखबंधन करावे. संधान चालू असताना मात्र वायूला वाट ठेवावी, अन्यथा पात्र फुटते. शुक्तगंधी अरिष्ट गूळ घालून पुन्हा गोड करण्याची रीत काही ठिकाणी दिसते. ते औषध रुग्णास देऊ नये.