बाहेर सरणारा डोळा आणि ऱ्हस्वदृष्टि

विद्यार्थिमित्रहो, आपल्या धाराशिव जिल्ह्यांतील एखाद्या शाळेची सहल नळदुर्गचा किल्ला पाहावयास गेली आहे अशी कल्पना करा. रणरणत्या उन्हांत एक मुलगा वारंवार एक डोळा मिटून घेतो. गुरुजी दूरचा बुरूज दाखवितात, तेव्हां त्याचा एक डोळा हळूच कानाच्या बाजूस सरकतो. सोबती हसतात. घरचीं वडील माणसें म्हणतात, "मोठा झाला म्हणजे आपोआप जाईल." येथेंच चूक होते.

आपल्या दोन डोळ्यांना दिसणाऱ्या दोन चित्रांचें मेंदू एक चित्र करतो. कांहीं मुलांत ही जुळणी अधूनमधून सुटते. थकवा, आजार किंवा दूरवर लागलेली नजर यांमुळें एक डोळा बाहेर जातो. जवळचें वाचतांना तो बहुधा सरळ राहतो. म्हणून आईबापांच्या तें ध्यानांत येत नाहीं.

ऱ्हस्वदृष्टि हा निराळा दोष. यांत नेत्रगोल मागेंपुढें लांबट होतो, दूरच्या वस्तूची प्रतिमा नेत्रपटलाच्या अलीकडेच पडते आणि फळ्यावरील अक्षरें पुसट दिसतात. अंतर्वक्र भिंगाच्या चष्म्यानें तीं स्पष्ट होतात.

दोष दोन, परंतु त्यांची सोबत मोठी. अमेरिकेंतील मिनेसोटा संस्थानाच्या एका परगण्यांत अशा बाहेर सरणाऱ्या डोळ्यांच्या मुलांची पाहणी झाली. ती 2010 सालीं प्रसिद्ध झाली. दहाव्या वर्षापर्यंत सुमारें निम्मीं, आणि विसाव्या वर्षापर्यंत शंभरांत नव्वदांहून अधिक मुलें ऱ्हस्वदृष्टि होतात, असा तिचा अंदाज होता. शस्त्रक्रियेनें डोळा सरळ केला तरी या प्रमाणांत फरक आढळला नाहीं. सर्वत्र हेंच प्रमाण असेल असें नव्हे. पण इशारा स्पष्ट आहे.

डोळा आवरण्यासाठीं मुद्दाम जास्त नंबरचा चष्मा देण्याचाही एक उपाय आहे. 2021 सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, चष्मा होता तोंवर डोळा अधिक आवरला गेला; तो उतरविल्यावर लाभ टिकला नाहीं, आणि ऱ्हस्वदृष्टि मात्र अधिक वाढली. म्हणून तज्ज्ञाच्या सल्ल्यावांचून नंबर वाढवूं नये.

पालकहो, डोळा सरकतांना दिसल्यास नेत्रवैद्याकडून दोन्ही दोषांची तपासणी करवा, आणि ती दर वर्षीं चालू ठेवा. मुलांस रोज मोकळ्या हवेंत खेळूं द्या. त्यानें ऱ्हस्वदृष्टि जडण्याचा संभव कमी होतो. आणि विद्यार्थ्यांनो, डोळा मिटणाऱ्या सोबत्यास हसूं नका. त्यास फळ्याजवळ जागा द्या.