कुड्याची साल आणि तराजूचा कौल

आंव पडूं लागली म्हणजे कुड्याच्या सालीचा काढा देण्याची चाल आपल्याकडे फार जुनी आहे. आयुर्वेदांत ह्या झाडास कुटज म्हणतात व कुटजारिष्ट त्याच्याच सालीपासून करतात. ढोकीहून येडशीच्या रामलिंगाकडे जातांना बालाघाटाचे जे डोंगर लागतात, तशा पानझडी रानांत कुडा वाढतो. परंतु विकत आणलेली साल खरी कुड्याचीच कशावरून, आणि तींत औषध किती, हें कसें ठरवितात तें आम्ही येथें सांगणार आहों.

कुडा ह्या नांवानें दोन झाडें ओळखलीं जातात. औषधी तो पांढरा कुडा. काळा कुडा त्याच कुळांतील, पण त्याची साल ह्या कामीं पांढऱ्याची बरोबरी करीत नाहीं. दोहोंचीं फुलें पांढरीं व दोहोंच्या शेंगा जोडीनें लोंबणाऱ्या. मात्र काळ्याच्या फुलाच्या मुखाशीं बारीक झालर असते, पांढऱ्याच्या नसते. काळ्याच्या कोवळ्या शेंगांचीं टोकें एकमेकांस चिकटलेलीं, पांढऱ्याचीं मोकळीं. पांढऱ्याच्या बियांस कडू इंद्रजव व काळ्याच्या बियांस गोड इंद्रजव म्हणतात. पण साल वाळून तिचे तुकडे झाले कीं फूलही नाहीं, शेंगही नाहीं. मग भेसळ ओळखणें कठीण होतें, व रसायनशास्त्राचें साहाय्य घ्यावें लागतें.

पांढऱ्या कुड्याचा गुण त्याच्या सालींतील अल्कलॉइड नांवाच्या नायट्रोजनयुक्त द्रव्यांत आहे. त्यांतील मुख्य कोनेसीन. मुंबईंतील हेन्स ह्यांनीं १८५८ सालीं त्याचा शोध प्रसिद्ध केला.

अल्कलॉइडें मोजण्याची युक्ति त्यांच्या एका स्वभावावर आधारलेली आहे. मोकळीं असतां तीं क्लोरोफॉर्मांत विरघळतात. आम्लाशीं संयोग पावलीं कीं पाण्यांत विरघळतात. यास्तव सालीच्या पुडीचें वजन करून तींत अमोनिया घालतात व क्लोरोफॉर्मानें अर्क काढतात. हा अर्क सौम्य आम्लाबरोबर हालविला म्हणजे अल्कलॉइडें पाण्यांत उतरतात, आणि तेल, राळ वगैरे मागें राहतात. त्या पाण्यांत पुन्हां अमोनिया घालून अल्कलॉइडें क्लोरोफॉर्मांत घेतात, क्लोरोफॉर्म उडवून लावतात व उरलेला अंश तोलतात.

समजा, १० ग्रॅम पुडीपासून ०.२५ ग्रॅम अंश मिळाला, तर प्रमाण शेकडा २.५ झालें. भारतीय औषधसंहितेनें पूर्वीं कुड्याच्या सालीस शेकडा २ ही किमान मर्यादा घातली होती. मिळालेला अंश ०.१२ ग्रॅमच भरला, तर प्रमाण शेकडा १.२, ती साल नापास. झाडाचें वय, ऋतु व साठवण ह्यांमुळेंही हें प्रमाण बदलतें. आतां यंत्रांच्या साहाय्यानें प्रत्येक अल्कलॉइड निरनिराळें मोजतां येतें.

ह्यावरून एक गोष्ट ध्यानांत येईल. एकाच मापाचा काढा एका घरीं सौम्य व दुसऱ्या घरीं उग्र होऊं शकतो. कारण मुठींत साल मावते, तींतील औषध मोजलें जात नाहीं. म्हणून विद्यार्थ्यांनीं दोन्ही कुड्यांचीं फुलें व शेंगा ताडून पाहाव्या, पण साल ओरबाडूं नये. सभोंवार साल निघालेलें झाड मरतें. आणि घरांत लेंकरास आंव झाली, तर पालकांनीं अंदाजाच्या काढ्यावर दिवस न घालवितां त्यास डॉक्टरांकडे न्यावें.