बांधावरील झाकणाचा कोळी

उन्हाळी मशागतीच्या वेळी बांधाची कड ढासळली, की कधी कधी मातीतून मऊ, पांढुरक्या अस्तराची नळी उघडी पडते. तिच्या तळाशी काळपट, आखूड व जाड पायांचा एक कोळी दिसतो. पिकाचा शत्रू समजून तो तत्काळ चिरडण्यात येतो. वस्तुतः हा कोळी पान, खोड वा मूळ यांपैकी कशासही तोंड लावीत नाही. तो केवळ कीटक खाऊन राहतो. म्हणून त्याची खरी ओळख करून घेणे अगत्याचे आहे.

बिळाची रचना

हा कोळी जाळे विणून हवेत टांगत नाही. त्याच्या जबड्यांवर आखूड, राठ काट्यांची रांग असते. तिच्या साहाय्याने तो माती उकरतो. बीळ साधारण वीतभर, कधी त्याहून अधिक खोल असते. आतील भिंतीस तो धाग्यांचे अस्तर लावतो व तोंडावर माती आणि धागे यांचे झाकण बसवितो. हे झाकण एका बाजूस धाग्यांच्या बिजागरीने जोडलेले असते. वरून त्यावर आसपासचीच माती असल्यामुळे मिटलेले झाकण सहसा ओळखू येत नाही. या झाकणामुळे उन्हाळ्याचा ताप, पावसाचे पाणी व शत्रू या तिन्हींपासून त्याचे रक्षण होते.

शिकार

रात्री कोळी झाकणाच्या आड दबा धरून बसतो. मुंगी, भुंगेरा किंवा रातकिडा जवळून गेला, की जमिनीच्या कंपावरून त्यास चाहूल लागते. तो झाकण उचलून भक्ष्य पकडतो व आत ओढून नेतो. त्याचा मोठा शत्रू म्हणजे कोळ्यांची शिकार करणारी गांधीलमाशी.

जीवनक्रम

मादी आपले बहुतेक सर्व आयुष्य एकाच बिळात काढते. वयात आलेला नर मात्र मादीच्या शोधार्थ बाहेर पडतो व पुढे फार काळ जगत नाही. पिले काही काळ आईच्या बिळात राहून बहुधा जवळपासच स्वतःची बिळे करतात.

मादी किती दीर्घायुषी असू शकते, याचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियात बार्बरा यॉर्क मेन या संशोधिकेने १९७४ पासून एका मादीची नोंद ठेवली होती. ती २०१६ मध्ये, सुमारे ४३ वर्षांची होऊन मेली. आपल्या देशातील इडियॉप्स हे कोळी त्याच कुळातील होत. २००५ साली वर्णन झालेल्या त्यांच्या एका जातीस मुंबईच्या नावावरून इडियॉप्स बॉम्बेएन्सिस असे नाव दिलेले आहे.

कोठे पाहावे ?

जळगाव व धुळे जिल्ह्यांतील काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते व दरवर्षी नांगराखाली येते. अशा ठिकाणी कायमचे बीळ टिकणे अवघड. म्हणून जुने बांध, नाल्यांचे उभे काठ व सातपुड्याच्या पायथ्याची मुरमाड, न नांगरलेली जमीन बारकाईने पाहावी.

शेतकऱ्यांनी काय करावे ?

या कोळ्यामुळे कपाशीवरील बोंडअळी आटोक्यात येईल, असे कोणीही सांगू नये. आपल्या दाराशी आलेला कीटक तेवढा तो धरतो. परंतु तो अपाय करीत नाही, आणि एकदा मोडलेली त्याची वस्ती सहजासहजी पुन्हा वसत नाही. यासाठी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१. जुना बांध विनाकारण सपाट करू नये. तो जमिनीची धूपही थांबवितो.
२. बांधावरील गवत पेटवू नये, कापून घ्यावे.
३. कीटकनाशक पिकापुरतेच वापरावे, बांधावर टाकू नये.
४. कोणत्याही बिळात बोट घालू नये. तेथे विंचू वा सापही असू शकतो. दंश झाल्यास त्वरित आरोग्य केंद्रात जावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी शिवारफेरीत असे एखादे झाकण आढळल्यास ते न मोडता शेतकऱ्यांस दाखवावे. एकदा डोळ्यांनी पाहिलेला हा कारागीर पुन्हा सहसा कोणी चिरडणार नाही.