मामांचे बारा लाख

प्रश्न : मी ६४ वर्षांचा, पत्नी ६१. आयुष्यभर काटकसरीने राहिलो. पत्नीच्या मामांनी मृत्युपत्राद्वारे तिला १२ लाख रुपये दिले. पतसंस्थेत जास्त व्याज मिळते, तिथेच ठेवावेत का?

उत्तर : नको. ठेव विम्याचे ५ लाखांपर्यंतचे संरक्षण बँकांतल्या ठेवींना आहे, अगदी सहकारी बँकांतल्याही, पतसंस्थांना नाही. मृत्युपत्राने आलेल्या रकमेवर प्राप्तिकर नाही, पुढच्या व्याजाचा हिशेब मात्र विवरणपत्रात दाखवा. वहिनींच्या नावे पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचे खाते उघडून नऊ लाख ठेवा. मुदत ५ वर्षे, व्याज दर तिमाहीला हातात. लाखभर आजारपणासाठी बचत खात्यात असू द्या.

उरलेले दोन लाख खर्च करा. काटकसरी माणसे नेमकी इथे अडतात! मिक्सरचे झाकण तळहाताने दाबून धरत चटणी वाटणे ही आता बचत राहिलेली नाही. गुडघे साथ देताहेत तोवर प्रवासही उरकून घ्या. पण काय घ्यायचे, कुठे जायचे हे वहिनींनी ठरवावे, पैसा त्यांचा आहे. ‘तुम्ही म्हणाल तसं’ हे उत्तर धरू नका, पुन्हा विचारा. आणि हो, खाते उघडतानाच नामनिर्देशन करून घ्या.