गोड्या पाण्यातील क्षार

थंड देशांत रस्त्यावरील बर्फ वितळावा म्हणून मीठ पसरतात. पिंप्राळ्याच्या वाचकास ही गोष्ट परकी वाटेल. परंतु ती तशी नव्हे. मिठातील क्लोराइड हेच द्रव्य आपण केळीस घालतो त्या म्युरेट ऑफ पोटॅशमध्येही असते. पीक पोटॅश शोषून घेते. क्लोराइड बहुतेक मागे राहते, आणि माती त्यास धरून ठेवीत नाही. पावसाबरोबर ते विहिरीत उतरते, नाल्यांवाटे गिरणेत व पुढे तापीत जाते. गावचे सांडपाणी त्यात भर घालते.

पाणी आटते, क्षार आटत नाही. म्हणून उन्हाळ्यात डोह अधिक खारे होतात. जिभेस हे कळेलच असे नाही. भारतात पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 250 मिलिग्रॅमपर्यंत क्लोराइड ग्राह्य मानतात. अमेरिकेने 1988 साली जलचरांकरिता दीर्घकाळची मर्यादा 230 ठरविली. म्हणजे आपण निःशंक पितो ते पाणीही डोळ्यांस जेमतेम दिसणाऱ्या जलपिसवांस बाधू शकते. ह्या पिसवा पाण्यातील शेवाळ खातात, आणि माशांची पिले पिसवांवर वाढतात. त्या नाहीशा झाल्या की शेवाळ माजते. ते कुजताना पाण्यातील प्राणवायू सरतो, व मासे गुदमरतात.

ह्यास्तव मातीची तपासणी करून पोटॅश थोडेथोडे, अनेक हप्त्यांनी द्यावे. मोठ्या पावसाच्या तोंडावर मुळीच टाकू नये. रिकामी पोतीही नाल्यात धुऊ नयेत.